जुन्या छापील जाहिराती, लेबलं आणि दुकानांची चित्रकार्डं : कोल्हापुरातून वारंवार येणारे प्रश्न

मंगळवार पेठेत माझ्या वडिलांचा ट्रेडल मशीनचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, गुळाच्या अडत दुकानांची पावतीपुस्तकं, कुस्त्यांच्या मैदानाची हँडबिलं असलं काम तिथं चालायचं. छापखाना बंद झाला तेव्हा नमुन्यांची एक ट्रंक माझ्याकडे आली. त्या ट्रंकेतल्या कागदांचा माग काढता काढता मी या जुन्या जाहिरातींच्या मागे लागले. आता दिवाळीची साफसफाई निघाली किंवा वाड्याची वाटणी झाली की फोन येतात, कागदांचे फोटो येतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माळ्यावरची जुनी ट्रंक उघडली. यातलं काय ठेवायचं आणि काय रद्दीत घालायचं?

आधी काहीच रद्दीत घालू नका. लोक नेमकं तेच आधी टाकतात जे मी आधी शोधते: साबणाचं वेष्टन, औषधाच्या बाटलीबरोबरची चिठ्ठी, काडेपेटीचं लेबल, कापडाच्या ताग्यावरचं चित्र, सिनेमाचं हँडबिल, उदबत्तीच्या पुड्याचा कागद, वर चित्र असलेलं दुकानाचं बिल. पोथ्या आणि पुस्तकं कुणीतरी जपलेली असतात, ग्रंथालयात दुसरी प्रत मिळते. वेष्टन फेकायलाच छापलेलं असतं, त्यामुळं त्याची प्रत कुठंच राहत नाही.

कागद हलवण्याआधी ट्रंकेचा, गठ्ठ्याचा, सुतळी बांधलेली असेल तर त्या सुतळीसकट फोटो घ्या. कुठला कागद कशाखाली होता, यावरून पुढं बरंच कळतं (प्रश्न ५ आणि ६).

२. ‘ट्रेड कार्ड’ म्हणजे नक्की काय? आपल्याकडे ती होती का?

दुकानदारानं गिऱ्हाइकाला फुकट द्यायचं छापील कार्ड म्हणजे ट्रेड कार्ड. एका बाजूला चित्र, कधी त्याच बाजूला तर कधी पाठीमागं मालाचं वर्णन आणि पत्ता. लंडनमध्ये सतराव्या-अठराव्या शतकात अशी कार्डं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापत. घरांना क्रमांक नव्हते, म्हणून अमक्या पाटीचं दुकान, तमक्या चर्चशेजारी, असा पत्ता कार्डावर लिहीत. कोल्हापुरात आजही पत्ता सांगताना आपण ‘बिंदू चौकातून खाली उतरलात की’ अशीच सुरुवात करतो, त्यामुळं ती कार्डं वाचताना मला परकी वाटत नाहीत.

रंगीत शिळाछाप, म्हणजे दगडावर चित्र काढून केलेली छपाई, स्वस्त झाल्यावर या कार्डांचं पीक आलं. अमेरिकेत १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनानंतर ती घरोघरी गेली आणि मुलं, बायका ती वहीत चिकटवू लागल्या. शतक संपता संपता मासिकांतल्या जाहिरातींनी त्यांची जागा घेतली. लीबिग या मांसाच्या अर्काच्या कंपनीची कार्डं मात्र १८७० च्या दशकापासून १९७५ पर्यंत निघत राहिली, बहुतेक सहा-सहाच्या संचात. सिगारेटच्या पाकिटातलं कार्ड मुळात पाकीट चेपू नये म्हणून घातलेला जाड कागद होता. त्यावर चित्र छापलं आणि लोक संच पुरे करायला लागले. ब्रिटनमध्ये १९४० साली युद्धातल्या कागदटंचाईमुळं ती बंद पडली.

अमेरिकेतल्या छापखान्यांची एक युक्ती इथं सांगितली पाहिजे. ते आधी नुसती चित्रं छापत, खाली जागा कोरी ठेवत आणि गावोगावचे दुकानदार त्या जागेत आपलं नाव छापून घेत. आता आपलं भिंतीवरचं कॅलेंडर आठवा. वर लक्ष्मी किंवा अंबाबाई, खाली पट्टीत किराणा दुकानाचं नाव. युक्ती तीच आहे. म्हणून ‘आपल्याकडे ट्रेड कार्डं होती का’ याला माझं उत्तर असं की कार्डाच्या आकारात थोडी होती, पण त्यांचं काम कॅलेंडरांनी, मिलच्या लेबलांनी आणि काडेपेट्यांनी केलं. कोल्हापुरात संग्रह करायचा तर तिथूनच सुरुवात करावी.

३. आजीच्या पेटीत जुन्या लुगड्याच्या घडीत देवाचं चकचकीत रंगीत चित्र निघालं. हे पूजेचं का?

बहुधा नाही. ते कापडाच्या ताग्यावर लावलेलं लेबल आहे. कुणी त्याला छाप म्हणतं, कुणी टिका, कुणी तिकीट. मँचेस्टरहून कापड यायचं तेव्हा प्रत्येक व्यापाऱ्याची आपली चित्रं ठरलेली असत. लिहिता-वाचता न येणारं गिऱ्हाईक ‘हत्तीछाप द्या’, ‘गणपतीछाप द्या’ असं सांगून माल घेई. चित्र हीच मालाची सही होती, म्हणून ती ट्रेडमार्क म्हणून नोंदवलीही जात. एकाच दगडावर सगळे रंग निघत नाहीत, प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. दहा-बारा रंगांचं, सोनेरी मुलामा दिलेलं, कधी उठाव दाबलेलं हे इतकं महागडं चित्र एका ताग्यावर फुकट जायचं.

पुढं मुंबई-अहमदाबादच्या मिलांनी हीच पद्धत उचलली. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पुढाकारानं १९०६ साली शाहू छत्रपती स्पिनिंग अँड विव्हिंग मिल निघाली. १८९१ पासून मिरजेहून रेल्वे आल्यानं मुंबईचा मालही इथं उतरत होता. त्यामुळं आपल्या घरांतून परदेशी आणि स्वदेशी दोन्ही लेबलं मिळतात. चित्राखालचं नाव वाचा: ‘मँचेस्टर’ आहे की ‘मिल्स, बॉम्बे’.

अशा चित्रांची पूजा झालेली असते, हेही खरं. कोपऱ्यात हळदकुंकवाचे डाग असतील तर ते पुसू नका. बाजारातलं लेबल देव्हाऱ्यात कसं गेलं, ती त्याची नोंद आहे.

४. खास कोल्हापूरच्या म्हणाव्यात अशा जाहिराती कोणत्या?

मी चार पेट्या करते.

पहिली सिनेमाची. बाबूराव पेंटर मूळचे पडदे आणि पाट्या रंगवणारे. त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी इथं काढली आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरंही केली. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर आज टिकून असलेल्या भारतातल्या सर्वांत जुन्या चित्रमय सिनेपोस्टरांत गणलं जातं. १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. म्हणजे प्रभातच्या कागदावर कोल्हापूरचा पत्ता असेल तर तो त्या चारेक वर्षांतला. असा कागद दिसला की मला त्या दिवशी दुसरं काही सुचत नाही.

दुसरी नाटक आणि कुस्ती. खासबाग मैदान १९१२ चं, पॅलेस थिएटर १९१५ चं. कुस्तीची हँडबिलं गुलाबी, पिवळ्या, हिरव्या पातळ कागदावर, मोठ्या लाकडी खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांत, छापलेली असतात. वर ‘जंगी मैदान’, खाली जोड्यांची नावं आणि इनामं. मैदान संपलं की ती चिरमुऱ्याच्या पुड्यांना जात. ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजे हेच पॅलेस थिएटर, जळालं, त्यानंतर जुन्या पॅलेस थिएटरचा प्रत्येक छापील कागद मला आधीपेक्षा मोलाचा वाटू लागला आहे. तुमच्याकडे असेल तर निदान फोटो तरी काढून ठेवा.

तिसरी पेटी आसपासच्या उद्योगांची: किर्लोस्करवाडीचे नांगर, ओगलेवाडीचे प्रभाकर कंदील, शाहूपुरीतल्या गुळाच्या पेढ्या. चौथी चित्रकारांची. महादेव विश्वनाथ धुरंधर १८६७ साली कोल्हापुरात जन्मले. त्यांची चित्रं पोस्टकार्डांवर, पुस्तकांत, पोस्टरांवर गेली. कोपऱ्यात त्यांची सही दिसते का, हे नेहमी पाहा.

५. जाहिरातीवर साल नाही. कधीची ते कसं ठरवायचं?

हा सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न, आणि मला सगळ्यांत आवडणारा. एक नियम आधी लक्षात ठेवा. खुणेवरून ‘याच्या आधीची नाही’ एवढंच खात्रीनं कळतं. ‘याच्या नंतरची नाही’ हे सांगणं अवघड, कारण छापखान्यात जुना ब्लॉक, म्हणजे चित्राचा छपाईचा ठसा, झिजेपर्यंत चालवत. वडिलांनी एका तेलाच्या पेढीचा एकच ब्लॉक माझ्या लहानपणापासून माझ्या लग्नापर्यंत वापरलेला मी पाहिला आहे.

पैशापासून सुरुवात करा. किंमत रुपये-आणे-पैत असेल तर बहुधा १९५७ च्या आधीची. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ च्या सुमाराची, कारण जून १९६४ मध्ये ‘नये’ गळून नुसते ‘पैसे’ राहिले. शेर, मण, तोळा आणि किलो-ग्रॅम यांचंही तसंच. वजनं १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून टप्प्याटप्प्यानं बदलली, त्या काळात दोन्ही मापं शेजारी छापलेली दिसतात.

मग पत्ता. ‘कोल्हापूर संस्थान’ किंवा ‘करवीर इलाखा’ असेल तर बहुधा विलीनीकरणाच्या म्हणजे १ मार्च १९४९ च्या आधीची. ‘मुंबई राज्य’ असेल तर बहुधा १ मे १९६० च्या आधीची. पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. ‘शाहूपुरी’ लिहिलं असेल तर १८९५ च्या आधीची नाही, कारण पेठच तेव्हा वसली.

कॅलेंडरावर किंवा नाटकाच्या हँडबिलावर शक असेल तर त्यात ७८ मिळवा. पौष ते फाल्गुन हे महिने असतील तर बहुधा ७९. शके १८५१ चा श्रावण म्हणजे १९२९, त्याच शकाचा फाल्गुन म्हणजे १९३०.

मालाचाही उपयोग होतो. डालडा १९३७ च्या आधी नाही. मधुमेहापासून वांझपणापर्यंत सगळं ‘खात्रीनं बरं’ करणारी छातीठोक औषधाची जाहिरात असेल, तर ती बहुधा १९५४ च्या आधीची. त्या साली आक्षेपार्ह औषधी जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा झाला. नंतरही चोरून अशा छापल्या गेल्या, म्हणून मी ‘बहुधा’ म्हणते.

आणि कागद कशात सापडला ते बघा. रोजकीर्दीच्या वहीत दाबलेलं लेबल असेल तर त्या वहीचं साल तुमच्या हातातच आहे. म्हणूनच प्रश्न १ मध्ये फोटो आधी घ्यायला सांगितलं.

६. कागदासोबत नोंद ठेवा म्हणता. नेमकं काय लिहायचं?

कुणाच्या घरी, कुठल्या पेठेत किंवा गावात, कशात आणि कशाबरोबर सापडला, देणाऱ्यानं काय सांगितलं, तारीख. बस. ‘गडहिंग्लज, मामांचं कापड दुकान, गल्ल्याच्या खणात, १९४० च्या पावत्यांबरोबर’ एवढ्या ओळीनं एका लेबलाचा सगळा अर्थ बदलतो. हेच लेबल मुंबईच्या बाजारात सुटं मिळालं तर ते सुंदर चित्र असतं. या ओळीसकट मिळालं तर कुठला माल, कुठल्या काळात, कुठल्या गावापर्यंत पोचला होता, याचा तो पुरावा होतो. मला सांगायचंय ते इतकंच आहे आणि बाकी सगळी उत्तरं याच्याच भोवती आहेत.

नोंद कागदावर नको, वेगळ्या पाकिटावर लिहा. कागदावर लिहावंच लागलं तर पाठीमागं कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं. बॉलपेन नको, ते पुढच्या बाजूला उमटतं.

७. शिळाछाप, ब्लॉक, ऑफसेट यांतला फरक घरच्या घरी कळतो का?

कळतो. घड्याळजी किंवा सोनार वापरतात तसलं दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि चेहऱ्याचा भाग पाहा.

शिळाछापात रंगाचे ठिपके हातानं दिलेले असतात. ते लहान-मोठे, वेडेवाकडे असतात, कधी खडूनं घासल्यासारखा दाणेदार पोत दिसतो. दगड बहुतेक बव्हेरियातला चुनखडीचा. मुंबईत १८९४ साली सुरू होऊन पुढं मळवलीला गेलेल्या रविवर्मा प्रेसची चित्रं आणि पुण्याच्या चित्रशाळेची चित्रं याच पद्धतीची. खिळे आणि ब्लॉकच्या छपाईत अक्षराच्या कडेला शाईची गडद रेघ दिसते आणि कागदाच्या पाठीवर बोट फिरवलं तर दाब लागतो. वडील डोळे मिटून पाठीवरूनच सांगायचे. नंतर आलेल्या ऑफसेट छपाईत ठिपके ओळीत, शिस्तीत बसतात आणि चार रंगांच्या ठिपक्यांची बारीक फुलं दिसतात. घरच्या प्रिंटरच्या छपाईत रंगाचा तुषार उडाल्यासारखा दिसतो.

८. जुनी म्हणून विकत घेतली, पण शंका येतेय. नक्कल कशी ओळखायची?

प्रश्न ७ मधलं भिंग पहिलं. १९१० चा शिळाछाप म्हणून दिलेल्या चित्रात चार रंगांची फुलं दिसली तर विषय संपला.

दुसरा उपाय नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याचा. अंधाऱ्या खोलीत कागदावर तो धरा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात पांढरेपणा आणणारं रसायन आहे, आणि ते साधारण १९५० पासून कागदात आलं. जुना कागद मंद, पिवळट दिसतो. उलट बाजूनं हा पुरावा पुरेसा नाही, कारण जुनी कोरी पानं वापरून नक्कल छापणारेही आहेत.

तिसरा, रंग. खरा कागद कडेनं जास्त आणि मध्ये कमी पिवळा पडतो. चहाच्या पाण्यात बुडवलेला सगळीकडे सारखा तपकिरी होतो, घडीच्या आतही. घडीच्या आत पाहायचं लोक विसरतात.

९. आमच्याकडच्या जाहिरातीची किंमत किती येईल?

हा प्रश्न बहुतेक वेळा बातमी वाचून येतो. २०२२ साली अमेरिकेत एका बेसबॉलपटूचं सिगारेट कार्ड ७२.५ लाख डॉलरला गेलं, ही बातमी खरी आहे. पण तिथं शंभर वर्षांहून जुनी संग्राहकांची परंपरा आहे, आणि ते कार्ड फार थोड्या संख्येत उरलेलं आहे. त्यावरून आपल्या काडेपेटीच्या लेबलाचा हिशोब करू नका.

मी भाव सांगत नाही. ज्या गोष्टींनी भाव वाढतो त्या मात्र सांगते: ओळखीच्या चित्रकाराची सही, कडा न कापलेल्या असणं, सिनेमाचा विषय आणि प्रश्न ६ मधली नोंद. घाई करणाऱ्या खरेदीदाराला नाही म्हणा. दोन महिन्यांनीही तो घेईल.

१०. जुन्या मासिकांचे गठ्ठे आहेत. जाहिराती कापून तेवढ्याच ठेवू का?

नको. कृपा करून नको. ‘किर्लोस्कर खबर’ १९२० पासून आणि ‘स्त्री’ १९३० पासून निघू लागलं. त्यांतल्या जाहिराती शेजारच्या लेखासह वाचायच्या असतात. स्त्रीशिक्षणावरच्या लेखासमोर शिवणयंत्राची जाहिरात असली तर ती जागा कुणीतरी विचार करून दिलेली असते. पान कापलं की अंक, महिना, पृष्ठ सगळं जातं, आणि उरलेला अंकही कुणी घेत नाही. पूर्ण अंक ठेवा आणि पानाचा फोटो काढा. अंक आधीच फाटून सुटी पानं झाली असतील तर ती गोष्ट वेगळी. मग पाकिटावर अंकाचं नाव आणि कळत असेल तर महिना लिहा.

११. कोल्हापूरच्या पावसात हे कागद कसे टिकवायचे?

जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंतीसुद्धा घाम धरतात. त्या चार महिन्यांत ट्रंक बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, जमिनीवर ठेवू नका. दोन विटांवर फळी टाकून तीवर ठेवा. पाऊस चालू असताना उघडझाप टाळा आणि ऑक्टोबरच्या उन्हात खोली कोरडी झाल्यावरच कागद बाहेर काढा. कागदाला ऊन मात्र दाखवू नका. वाळवायचं ते खोलीला.

बाजारात मिळणारी मऊ, वास येणारी प्लॅस्टिकची पाकिटं टाळा. ती पीव्हीसीची असतात, काही वर्षांत चिकट होतात आणि शाई ओढून घेतात. पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं महाग पडतात पण चालतात. ते जमत नसेल तर आम्लमुक्त कागदाचे लिफाफे घ्या. वर्तमानपत्रात कधीच गुंडाळू नका. त्याचा कागद स्वतःच आम्लानं जळत असतो आणि डाग शेजारच्याला देतो.

कसर आणि वाळवीसाठी डांबरगोळ्या विचारतात. कागदाला टेकवून ठेवू नका, आणि बंद खोलीत आपल्याच श्वासाला त्या वाईट. सुकलेला कडुनिंब पाला चालतो असं घरोघरी सांगतात, पण पाल्याचे तुकडे डाग पाडतात. पातळ सुती पुरचुंडीत, बाजूला ठेवा. खरा उपाय महिन्यातून एकदा पाहणं.

१२. पुराच्या पाण्यात गठ्ठा भिजला. आता काय?

२०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या पुरानंतर मला हा प्रश्न इतक्या वेळा आला की मी उत्तर लिहूनच ठेवलं.

ओले कागद एकमेकांपासून ओढून सोडवू नका. ओला कागद स्वतःचं वजनही पेलत नाही. गठ्ठा आहे तसा सपाट पत्र्यावर किंवा ताटावर उचला. चिखल असेल तर स्वच्छ पाण्याच्या संथ धारेखाली, गठ्ठा न उघडता, हलका जाऊ द्या. दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्या वेळात सगळं वाळवणं शक्य नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून थेट डीप फ्रीझरमध्ये ठेवा. गोठवलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि सवडीनं थोडे-थोडे काढून वाळवता येतात. सुटे कागद कोऱ्या, न छापलेल्या कागदावर पसरा, पंखा छताकडे फिरवा, टीपकागद वरचेवर बदला. इस्त्री, हेअर ड्रायर, ऊन, तिन्ही नको.

गुळगुळीत चकचकीत कागदाची कॅलेंडरं सुकताना एकमेकांना कायमची चिकटतात. त्यामुळं फ्रीझरमध्ये पहिली जागा त्यांना द्या.

१३. लॅमिनेशन करू की फ्रेम?

लॅमिनेशन कधीच नाही. ते परत काढता येत नाही.

फ्रेम चालेल, पण फ्रेमवाल्याला आधी सांगा की कागद कशालाही चिकटवायचा नाही. एका फ्रेमवाल्यानं माझं सिनेमाचं एक हँडबिल हार्डबोर्डला डिंकानं पक्कं बसवून दिलं. मी विचारायला विसरले होते. आज ते तपकिरी झालंय आणि निघत नाही. काच आणि कागद यांच्यात जाड पुठ्ठ्याची चौकट हवी, म्हणजे पावसाळ्यात कागद काचेला टेकत नाही. उन्हाच्या भिंतीवर लावू नका, शिळाछापातला लाल रंग आधी उडतो. माझं मत विचाराल तर मूळ कागद पाकिटात ठेवा आणि भिंतीवर त्याची चांगली प्रत लावा.

१४. आईनं लहानपणी वहीत काडेपेट्यांची लेबलं चिकटवली होती. ती पाण्यात भिजवून सुटी करू?

वही आहे तशी ठेवा. ती वहीच संग्रहाची वस्तू आहे. कुठलं लेबल कुणाशेजारी लावलं, कुठलं दोनदा आलं, पानाच्या कडेला काय लिहिलं, हे सुट्या लेबलांत उरत नाही. मी पहिल्या काही वर्षांत अशी एक वही भिजवून सोडवली. लेबलं वाचली, पण मुलीच्या अक्षरातल्या नोंदी शाईसकट वाहून गेल्या. ते मी विसरलेले नाही. पानांमध्ये आम्लमुक्त कागद घाला आणि वही आडवी ठेवा.

१५. पाठीमागं मोडीत काहीतरी लिहिलंय. काय करू?

ते समोरच्या चित्राहून महत्त्वाचं असू शकतं. पेढीवरच्या लोकांनी हाताला आलेल्या कागदावर उधारी, दर, निरोप मोडीत लिहिले आहेत. दोन्ही बाजूंचा फोटो चांगल्या उजेडात, कागदाला समांतर धरून घ्या. कोल्हापुरात मोडी वाचणारे आजही आहेत. पुराभिलेखागारात आणि विद्यापीठाच्या इतिहास विभागात चौकशी केली तर वाट सापडते.

१६. जुनी जाहिरात पुन्हा छापू शकतो का? टी-शर्टवर, दिवाळी अंकात?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं चित्रावर चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. चित्रकाराचं नाव नसलेली, छापून आलेली कामं प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षांनी मोकळी होतात. धुरंधर १९४४ ला गेले, त्यांची चित्रं मोकळी आहेत. दीनानाथ दलाल १९७१ ला गेले, त्यांचा हक्क २०३१ संपेपर्यंत आहे. रघुवीर मुळगावकरांचा २०३६ संपेपर्यंत. तेव्हा सही वाचा आणि मग ठरवा.

एक गुंता राहतो. चित्र मोकळं झालं तरी त्यावरचं नाव किंवा चिन्ह आजही चालू असलेल्या मालाचं असू शकतं, आणि ट्रेडमार्कला अशी वयोमर्यादा नाही. संशोधनाच्या लेखात छापणं आणि साबण विकायला छापणं यांत फरक आहे. दुसऱ्या कामासाठी वकिलाला विचाराच.

१७. परदेशातल्या भाच्याला ही जुनी पोस्टरं पाठवू शकते का?

वय बघा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणं शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक किंवा कलेच्या दृष्टीनं महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरू शकते. हस्तलिखितं आणि दस्तऐवजांना मर्यादा ७५ वर्षांची आहे. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. १९२४ चं पोस्टर आज या रेषेच्या पलीकडे गेलंय. भाच्याला स्कॅन पाठवा.

१८. देवाचं चित्र असलेली जुनी कॅलेंडरं नदीत सोडायची असतात ना? ती संग्रहात ठेवणं बरं का?

हा प्रश्न विचारताना लोकांचा आवाज खाली येतो आणि मला तो प्रश्न महत्त्वाचा वाटतो. पंचगंगेच्या घाटावर अशी किती चित्रं सोडलेली मी पाहिली आहेत. भंगलेली मूर्ती विसर्जन करतात, पण चांगल्या कागदाचं चित्र भंगलेलं नाही. ज्यांना मनातून ते ठेवणं जमत नाही, त्यांना मी दोन गोष्टी सुचवते: आधी फोटो काढा, आणि खालची दुकानाच्या नावाची पट्टी व तारखांची पानं तरी वेगळी ठेवून द्या. त्यांत देव नसतो, पण गावातलं दुकान असतं. चित्र कुणाला तरी द्यायचं असेल तर पायदळी येणार नाही, एवढा शब्द घेऊन द्या. मी तो शब्द देऊनच घेते.

१९. संग्रह संस्थेला द्यायचा आहे. कुणाकडे जाऊ?

करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, शिवाजी विद्यापीठाचं बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे. आधी जाऊन विचारा की सुटे कागद ते स्वीकारतात का, कसे ठेवतात, अभ्यासकाला दाखवतात का. यादी करून द्या, यादीवर पोच घ्या आणि प्रश्न ६ मधल्या नोंदी यादीतच घाला. पोतं भरून नेऊन टेबलावर ठेवू नका. संस्थेतही रद्दी असते.

२०. एकच चित्र दोन वेगळ्या दुकानांच्या नावानं मिळालं. एक महाद्वार रोडचं, एक बेळगावचं. खोटं कुठलं?

दोन्ही खरी असण्याचीच शक्यता जास्त. प्रश्न २ मधली कोरी पट्टी आठवा. चित्र छापखान्यानं एकदाच काढलं, नावं नंतर घातली. भिंगातून पाहिलंत तर चित्र एका पद्धतीनं आणि दुकानाचं नाव दुसऱ्या, बहुधा खिळ्यांच्या छपाईनं आलेलं दिसेल. नावाच्या अक्षरांचा दाब पाठीवर लागेल, चित्राचा लागणार नाही. अक्षरांचे खिळे ओळखीचे वाटले तर ते नाव कुठल्या गावच्या छापखान्यात घातलं, हेही कधीकधी सांगता येतं. वडिलांच्या खिळ्यांतला ‘ळ’ खालून तुटका होता, म्हणून त्यांचं काम मी लांबूनही ओळखते. दोन्ही कार्डं एकाच पाकिटात, पाठीला पाठ लावून ठेवा आणि तिसरं मिळालं तर मला कळवा.